जर्मनचा क्लास सोडून शिकवणी लावली, त्याचा हिशेब

आमच्या घरात 'शिकवणी' हा शब्द फारसा आदराने घेतला जात नसे. ज्याला वर्गात शिकवलेले कळत नाही त्याला शिकवणी लावतात, अशी आईची सरळ समजूत होती, आणि नववीत असताना गणितासाठी मला शिकवणी लावावी लागली ही गोष्ट तिने शेजारी कोणाला कळू दिली नव्हती. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा शिकवणी लावली, ती जर्मन भाषेची, ऑनलाइन, आणि वर्गाचे दोन स्तर पूर्ण करून झाल्यावर. त्या निर्णयामागची कारणे, त्यासाठी मोजलेले पैसे आणि पदरात पडलेले फळ यांचा हा आढावा आहे. क्लास लावायचा की शिक्षक गाठायचा, या पेचात असलेल्यांना तो उपयोगी पडावा. माझे मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या पायरीसाठी मी आजही क्लासच सुचवीन, दुसऱ्या पायरीनंतर मात्र एकट्यासाठी असलेला शिक्षक, आणि तोही शक्यतो मराठी जाणणारा, हा पैशाचा अधिक चांगला उपयोग आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. दोन वर्षांसाठी जर्मनीत जाण्याची संधी होती आणि तिच्यासाठी बी-1 स्तराचे प्रमाणपत्र हवे होते. ए-1 ते सी-2 या सहा पायऱ्या युरोपीय भाषांसाठी ठरवलेल्या आहेत आणि बी-1 ही त्यातली तिसरी. रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्या परिचारिकांकडून साधारणपणे बी-2 मागितले जाते. 1 जून 2024 पासून जर्मनीने नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी जे 'शान्सन्कार्टे' (संधी-कार्ड) सुरू केले, त्याच्या गुणांकनात ए-2 ला एक, बी-1 ला दोन आणि बी-2 ला तीन गुण आहेत, आणि एकूण सहा गुण जमवावे लागतात. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यामुळे हौस म्हणून जर्मन शिकणाऱ्यांच्या शेजारी आता ठरावीक तारखेच्या आत ठरावीक स्तर गाठायचा आहे, अशी माणसे मोठ्या संख्येने बसू लागली आहेत. मी त्यांतलाच एक. तारीख डोक्यावर असलेल्या माणसाच्या गरजा निराळ्या असतात, आणि बॅच ज्या पद्धतीने चालते ती पद्धत या गरजा ध्यानात घेऊन आखलेली नसते, हे मला पुढे कळले.

पुण्यात जर्मन शिकायचे म्हटले की फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट आणि बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्समुल्लर भवन ही दोन नावे आधी तोंडावर येतात. (जो विद्वान आयुष्यात एकदाही भारतात आला नाही, त्याच्या नावाने आपल्याकडे गोएथे इन्स्टिट्यूट ओळखली जाते, ही मला नेहमीच गंमतीची गोष्ट वाटत आली आहे.) मी या दोन्हींपैकी कोठेही गेलो नाही, कारण माझ्या पाळीशी जुळणारी वेळ मला डेक्कनवरच्या एका खाजगी क्लासातच मिळाली. त्या क्लासाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. शिकवणाऱ्या बाई उत्तम होत्या, पुस्तके चांगली होती, आणि ए-1 चे पाच महिने मला मनापासून आवडले.

त्या पाच महिन्यांविषयी चांगलेच बोलले पाहिजे. कोरी पाटी घेऊन बसलेल्या सतरा जणांना एकदमच 'डेअर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर' म्हणायला लागते, आणि चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी व सुरी नपुंसकलिंगी का, यावर सतराही जण एकदमच वैतागतात, तेव्हा त्या वैतागात एक सोबत असते. माझ्या शेजारी बसणारी परिचारिका सांगलीहून आलेली होती आणि पलीकडचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. आम्ही तिघांनी सुट्टीच्या पाच मिनिटांत चहा घेताना एकमेकांना प्रश्न विचारून जी नामे पाठ केली, ती आजही विसरलेली नाहीत. गृहपाठ केला नाही तर लाज वाटण्यासाठी आजूबाजूला माणसे असावी लागतात, आणि एकट्याच्या शिकवणीत ती नसतात.

अडचण ए-2 मध्ये सुरू झाली आणि ती कोणा एकाच्या चुकीमुळे झाली नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार सायंकाळी साडेसहा ते आठ अशी बॅच होती. पहिल्या पाळीत असलो तर नाशिक फाट्याच्या कोंडीतून कसाबसा वेळेवर पोहोचत असे. पण पाळी बदलली की आठवडाच्या आठवडा बुडे. बॅच कोणासाठी थांबत नाही. भूतकाळाची रचना शिकवली त्या आठवड्यात मी दुसऱ्या पाळीत होतो, आणि परत आलो तेव्हा सगळे जण काल काय खाल्ले व परवा कोठे गेलो होतो हे सांगत होते, मी मात्र वर्तमानकाळातच अडकून पडलो होतो. बुडलेला भाग दुसऱ्या बॅचमध्ये बसून भरून काढता येईल का, असे विचारले असता तशी सोय नसल्याचे कार्यालयातून सांगण्यात आले. फी परत मिळत नाही हे पावतीच्या मागे छापलेलेच होते.

तरीही मी क्लास सोडला तो वेळेमुळे नव्हे. एका बुधवारी मी वहीच्या मागच्या पानावर एक उद्योग केला. कारखान्यात एखादे यंत्र प्रत्यक्ष किती वेळ चालते आणि किती वेळ नुसतेच उभे राहते, याची नोंद ठेवण्याची आम्हाला सवय असते, तशीच नोंद मी स्वतःच्या तोंडाची ठेवली. नव्वद मिनिटांच्या त्या तासात माझी पाळी चार वेळा आली. पहिल्यांदा पुस्तकातले एक वाक्य वाचले, दुसऱ्यांदा रिकामी जागा भरली, तिसऱ्यांदा शेजारणीला तिच्या आवडत्या पदार्थाविषयी विचारले आणि चौथ्यांदा 'माहीत नाही' असे सांगितले. घड्याळ लावून पाहिले तेव्हा सगळे मिळून दोन मिनिटे चाळीस सेकंद भरले. त्यातही स्वतःच्या मनाने जुळवलेले वाक्य एकच होते. बाईंनी काय करायचे होते? सतरा जणांत नव्वद मिनिटे समान वाटली, त्यांनी स्वतः एक शब्दही उच्चारला नाही असे धरले, तरी प्रत्येकाला सव्वापाच मिनिटांच्या वर काही मिळत नाही.

त्यावर मी पैशांचा हिशेब मांडला, आणि 'शिकवणी महाग पडते' या माझ्या समजुतीला तेथेच तडा गेला. ए-2 साठी मी 60 तासांचे 21,000 रुपये भरले होते, म्हणजे दीड तासाच्या एका बैठकीला 525 रुपये. दोन मिनिटे चाळीस सेकंद बोलण्यासाठी 525 म्हणजे बोलण्याचा एक मिनिट जवळजवळ 197 रुपयांना पडत होता. पुढे मी ज्या शिक्षिकेकडे शिकलो त्या तासाला 1,000 रुपये घेत आणि त्या तासात मी निदान 28 मिनिटे बोलत असे, म्हणजे मिनिटाला 36 रुपये. अर्थात वर्गात इतरांचे ऐकूनही माणूस शिकतो हे मला मान्य आहे. परंतु इतरांचे जे ऐकले त्यातले निम्मे चुकीचे जर्मन होते, हेही नोंदवून ठेवतो.

पहिला प्रयोग मात्र फसला, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बहुतेक जण याच चुकीने सुरुवात करतात. जगभरचे शिक्षक जेथे एकत्र सापडतात अशा एका संकेतस्थळावर मी नाव नोंदवले. तेथे शेकडो चेहरे, प्रत्येकाची ओळख करून देणारी चित्रफीत, तारे आणि अभिप्राय असा सगळा बाजार मांडलेला असतो. आपण स्वाभाविकपणे 'मूळ जर्मनभाषक' या खुणेवर बोट ठेवतो. मीही लाइप्झिगच्या एका निवृत्त आजींना निवडले. त्या फार प्रेमळ होत्या. दर रविवारी त्यांच्याशी तासभर गप्पा होत, त्यांच्या बाल्कनीतल्या टोमॅटोंपासून आपल्या गणपतीपर्यंत विषय निघत, आणि तास संपला की मला आपण चांगले बोललो असे वाटे. तीन महिन्यांत बारा तास झाले. बाराव्या तासाला मी तेच शब्द, त्याच तीन-चार रचना आणि त्याच चुका घेऊन बोलत होतो. त्या मला थांबवत नसत, कारण त्यांना माझे म्हणणे कळत होते. अमुक ठिकाणी चतुर्थी विभक्ती का आणि द्वितीया का नाही, असे विचारले की त्या क्षणभर विचार करून, "तसे म्हटले तरच ते बरोबर वाटते," असे उत्तर देत. त्यांचे काही चुकत नव्हते. मला कोणी उद्या 'तो भात खातो' पण 'त्याने भात खाल्ला' असे का, हे विचारले तर मीही याहून बरे उत्तर देऊ शकेन असे वाटत नाही. भाषा येणे आणि ती शिकवता येणे यांतले अंतर मी बारा तासांचे पैसे मोजून ओळखले. शिवाय दर युरोमध्ये असल्याने बँकेचे विनिमय शुल्क वेगळे, आणि महिन्याच्या मुदतीत न वापरलेला तास वाया. हा नियम वाचायला मी विसरलो होतो, त्यामुळे एक तास गमावला.

दुसऱ्या शिक्षिका मला सांगोवांगी मिळाल्या. क्लासातल्या त्या सांगलीच्या परिचारिकेनेच त्यांचा क्रमांक दिला. मूळच्या नाशिकच्या, येथेच जर्मनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आणि लग्नानंतर श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या या बाई वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असाव्यात. मी त्यांना मॅडम म्हणत असे, त्या मला सर म्हणत, आणि जर्मन सुरू झाले की दोघेही 'झी' म्हणजे 'तुम्ही' वर येत असू. वर्गात पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी एकमेकांना 'डू' म्हणजे 'तू' म्हणायचे असते, आणि मला वाटते म्हणूनच आमच्यातल्या अनेकांना औपचारिक पत्र लिहिताना हात आखडल्यासारखे होई. तू आणि तुम्ही यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. तो फक्त वापरायला लावावा लागतो.

पहिल्या तासाचा एक प्रसंग सांगतो, कारण पुढच्या अकरा महिन्यांत जे घडले त्याचे सगळे बीज त्यात आहे. जानेवारी होता, पुण्यातही बऱ्यापैकी गारठा होता, आणि हवापाण्याच्या गप्पांत मी मोठ्या आत्मविश्वासाने "इश बिन काल्ट" असे म्हणालो. मॅडम हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "सर, आता हेच मराठीत सांगा."

"मला थंडी वाजते."

"मग जर्मनमध्ये 'मी थंड आहे' असं का म्हणालात? मराठीत तसं म्हणाल का? तुम्ही इंग्रजीतून गेलात. इंग्रजीला मधे घेऊ नका. 'मला' आहे ना, तेच ठेवा. मिअर इस्ट काल्ट."

'मिअर' म्हणजे 'मला'. थंडी, कंटाळा, आवड, बरे वाटणे अशा अनेक ठिकाणी आपण 'मी' न म्हणता 'मला' म्हणतो, आणि जर्मन भाषाही त्यांतल्या कित्येक ठिकाणी तसेच करते. "डास गेफेल्ट मिअर" म्हणजे शब्दशः "ते आवडते मला". ज्या चतुर्थीवर वर्गात आम्ही तीन आठवडे तक्ते भरत होतो ती निदान या क्रियापदांपुरती माझ्या तोंडात जन्मापासूनच होती, पण वर्गात शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. सतरा जणांत चार तमिळ, दोन बंगाली आणि एक मल्याळी असताना बाईंनी मराठीचा आधार घ्यावा ही अपेक्षाही चुकीची ठरली असती. एकट्याच्या शिकवणीचा मला झालेला सर्वांत मोठा लाभ कोणता असे विचारले, तर मी बोलायला मिळालेल्या मिनिटांच्याही आधी हा सांगीन की माझी चूक कोठून येते हे पाहायला कोणीतरी होते.

पुढे अशा गोष्टी रोजच निघू लागल्या. 'वाइल' म्हणजे 'कारण' या शब्दानंतर जर्मनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते, आणि इंग्रजीच्या वळणाने विचार करणारा प्रत्येक जण तेथे अडखळतो. मॅडमनी फळ्यावर एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या: "कारण मी दमलेला आहे" आणि "वाइल इश म्यूडे बिन". शब्दाखाली शब्द बसला. चोवीस हा आकडा जर्मन माणूस 'चार आणि वीस' असा म्हणतो, यावर वर्गात बराच हशा झाला होता. पण 'चोवीस' मध्ये चार आधीच येतात, हे आम्हा मराठी मुलांपैकी एकालाही तेव्हा सुचले नाही. 'त्सेन' म्हणजे दहा, यातला पहिला उच्चार वर्गात निम्मे जण 'झेन' असा करत. मॅडम म्हणाल्या, चमच्यातला च म्हणा, चहातला नको. माझे काम त्याच क्षणी झाले. 'मुलगी' या अर्थाचा 'मेट्शेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून जगभर जर्मन भाषेची थट्टा होते, पण त्यातला लाडाचा, लहानपणाचा प्रत्ययच शब्दाला नपुंसकलिंगी करतो असे सांगून त्यांनी विचारले, "आपण वासरू, कोकरू, लेकरू काय म्हणतो? ते." माझ्या आईला मी हे फोनवर सांगितले तेव्हा तिला जर्मन भाषेबद्दल प्रथमच काही बरे वाटले.

मराठी सगळीकडे उपयोगी पडते असा गैरसमज होऊ नये. साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या स्थानावर ठाण मांडून बसते आणि तेथे मराठीचा काही इलाज चालत नाही. नामांची लिंगेही जुळत नाहीत, आपली सुरी त्यांच्याकडे नपुंसक होते ती होतेच. तेथे घोकंपट्टीला पर्याय नाही.

तासाची पद्धतही सांगितली पाहिजे. आम्हा दोघांसमोर एक सामायिक दस्तऐवज उघडा असे. मी बोलत असताना मॅडम मला मध्येच तोडत नसत, पण माझे चुकलेले वाक्य जसेच्या तसे डाव्या रकान्यात टंकत जात. उजवा रकाना रिकामा राही. तासाची शेवटची दहा मिनिटे मी तो रकाना स्वतः भरायचा. पुढच्या तासाला तीच वाक्ये उलटसुलट क्रमाने पुन्हा समोर येत. अकरा महिन्यांनंतर त्या दस्तऐवजात सहाशेच्या वर वाक्ये झाली होती आणि ती सगळी माझी होती. बाजारात मिळणारे कोणतेही पुस्तक माझ्या चुका धरून लिहिलेले असणे शक्य नाही. हा दस्तऐवज तसा होता, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मी दुसरे काहीच वाचले नाही.

वेळेचा प्रश्न पूर्णपणे सुटला, फक्त एकदा फजिती झाली. पाळी बदलली की मी आदल्या शनिवारी कळवत असे आणि तास सकाळी किंवा सायंकाळी सरकवला जाई. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्याशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. तरीही त्यानंतरच्या सोमवारी मी साडेसहा वाजता कॅमेरा लावून, केस विंचरून, तासभर स्वतःचाच चेहरा पाहत बसलो होतो. मॅडम त्यांच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर आल्या.

आता उणिवा. पहिली उणीव ही की या व्यवस्थेला कसलाही आधार नाही. मे महिन्यात मॅडम तीन आठवडे माहेरी आल्या तेव्हा माझे शिक्षण तीन आठवडे बंद होते. क्लासात बदली शिक्षक येतात. हजेरीचे किंवा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे पत्र कोठे मागितले गेले तर शिकवणीवाल्याकडे दाखवायला काही नसते. शिवाय कोणीही उठून स्वतःला शिक्षक म्हणवू शकतो. बी-1 ची परीक्षा नुकतीच दिलेली मुले ए-1 च्या शिकवण्या घेताना मी पाहिली आहेत. म्हणून शिक्षक ठरवताना त्यांच्याकडे स्वतःचे कोणत्या स्तराचे प्रमाणपत्र आहे आणि आपण देणार आहोत त्या परीक्षेला त्यांनी आधी कोणाला बसवले आहे, हे विचारायला संकोच करू नये. चाचणीच्या तासात शिक्षकच अधिक बोलले तर तेथे पुन्हा जाऊ नये.

दुसरी उणीव शिस्तीची. गोएथे इन्स्टिट्यूट बी-1 पर्यंत पोहोचायला 45 मिनिटांचे 350 ते 650 तास लागतात असे सांगते. वर्ग आणि दोन्ही शिकवण्या मिळून माझे असे तास तीनशेच्या आसपास भरतात, म्हणजे उरलेले घरी, बसमध्ये आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच भरून काढावे लागले. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे मोफत धडे मला त्यासाठी पुष्कळ उपयोगी पडले. आठवड्याला दोन तास शिकवणी लावून भाषा आपोआप येईल असे ज्यांना वाटते, त्यांनी बॅचमध्येच राहावे, तेथे निदान तीन दिवस पुस्तक उघडले जाते.

तिसरी उणीव परीक्षा दोन महिन्यांवर आल्यावर लक्षात आली. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-1 परीक्षेत बोलण्याच्या भागात सहसा दोन परीक्षार्थी समोरासमोर बसतात. पंधरा मिनिटांची तयारी मिळते, मग दोघांनी मिळून एखादा बेत आखायचा, प्रत्येकाने एका विषयावर छोटे सादरीकरण करायचे आणि एकमेकांना प्रश्न विचारायचे. मी हा सराव अकरा महिने मॅडमबरोबर केला होता, आणि त्या इतक्या सहजपणे माझे अर्धे वाक्य उचलून धरत की मी फार चांगला बोलतो असे मला वाटू लागले होते. एका रविवारी मी जुन्या वर्गातल्या त्या अभियांत्रिकीच्या मुलाबरोबर सराव केला आणि दोघेही दीड मिनिटात गप्प झालो. तो काय म्हणतो ते मला कळेना, माझे त्याला कळेना, आणि पुढे काय विचारायचे ते दोघांनाही सुचेना. चांगला शिक्षक तुमचे तुटके बोलणे सांधून घेतो. परीक्षेतला जोडीदार ते करणार नाही, कारण तो स्वतःच तुटका बोलत असतो. त्यानंतर आम्ही दर रविवारी एकमेकांबरोबर बसलो, आणि मॅडमनी कॅमेरा बंद ठेवून फक्त ऐकायचे असे ठरले. क्लास सोडला तरी क्लासातली माणसे सोडू नयेत, हे मी त्या दोन महिन्यांत शिकलो.

परीक्षेचे चार भाग स्वतंत्र धरले जातात, प्रत्येकात 100 पैकी 60 गुण लागतात, आणि एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. वाचनात मला 87 मिळाले. लेखनात, म्हणजे ऐंशी शब्दांचे एक मित्राला पत्र, ऐंशी शब्दांचे एक मत आणि चाळीस शब्दांचे एक औपचारिक पत्र, असे एका तासात लिहून 82 मिळाले. बोलण्यात 86, आणि त्याचे श्रेय डाव्या रकान्याला जाते.

ऐकण्यात 63. तीन गुणांनी वाचलो. त्या भागातल्या चार उपभागांपैकी दोहोंच्या ध्वनिफिती एकदाच ऐकवतात, आणि पहिल्या वाक्यातच माझ्या लक्षात आले की गेले अकरा महिने मी एकाच बाईंचा, एकाच गतीचा, नाशिकच्या वळणाचा स्वच्छ जर्मन आवाज ऐकत होतो. माझे कान त्याच आवाजाला सरावले होते. वर्गात निदान बाई ध्वनिफीत लावत आणि मागच्या बाकावरून ती नीट ऐकू येत नसे, तेव्हा आम्ही तक्रार करत असू. मॅडमना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या, आणि मग त्यांनी विचारले की मी हे आधी का नाही सांगितले. आधी कळलेच नव्हते. आता त्या दर तासाची पहिली पंधरा मिनिटे श्टुटगार्टच्या लोकल गाडीतल्या, बेकरीच्या रांगेतल्या किंवा शेजारच्या आजोबांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती लावतात. ते आजोबा श्वाबिश बोलीत बोलतात, आणि त्यांतले मला अजून तरी फक्त 'नमस्कार' कळते.